ओटीपी नंतर सांगते

मुलगी पाहायचा माझा कार्यक्रम एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा फिसकटला. नकार कुणीच दिला नव्हता. चटई अंथरलेली होती, पोहे भिजवलेले होते, माझे मामा इस्त्रीची टोपी घालून वेळेवर हजर होते. नव्हता फक्त नवरदेव. तो नांदेडच्या कुठल्याशा गल्लीत तिसऱ्या मजल्यावर पंख्याचं खोकं चढवत होता.

मी पार्सलचा टेम्पो चालवतो. सकाळी सातला गोडाऊनवर जायचं, खोकी स्कॅन करून टेम्पोत रचायची आणि मग मोबाईल सांगेल त्या क्रमानं दारोदार हिंडायचं. शेवटचं दार वाजवेपर्यंत रात्रीचे नऊ होतात, आणि सेल लागला की त्याला काही धरबंधच नाही. आठवड्याची सुट्टी कागदावर आहे. पण सुट्टी घेतली की आपला रूट दुसऱ्याकडे जातो, आणि एकदा गेलेला रूट परत मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून ती कुणी घेत नाही. आई-बाप जळकोटकडच्या गावी. आई दर फोनला एकच विचारायची, "जेवलास का?" आणि मी एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातात सोललेलं केळ धरून सांगायचो, "हाव, जेवूनच राहिलो."

स्थळ मामांनी आणलं होतं. मुलगी अर्धापूरजवळच्या एका गावची, केळीच्या बागायतदाराची लेक, लातूरला एका दवाखान्यात नर्स. फोटो पाहिला तेव्हाच माझा निकाल लागला होता. मग फोनवर दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा मध्येच गिऱ्हाइकाचा फोन घुसला. दुसऱ्यांदा तर माझी इतकी धांदल उडाली की गिऱ्हाइकाला सांगायचं ते मी तिलाच सांगितलं, "मॅडम, खाली आलोय, लवकर या, मागं ट्रॅफिक झालीय." ती लातूरहून इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. ते हसू पुढचे दोन दिवस माझ्या टेम्पोत बसून हिंडलं.

तिसऱ्यांदा मी पोचलो नाही तेव्हा मामांचा फोन आला. "लेका, तुझ्या वाटचे पोहे तीनदा मी खाल्लो. तिकडचे लोक आता मलाच नवरदेव समजायलेत." आणि मग आवाज उतरला. मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, पोरगा खरंच हाय ना, का नुसता फोटूच हाय? हिंगोलीकडचं एक क्लार्क पोरगं सांगून आलंय. महिनाभरात आलो नाही तर ते तिकडं सुपारी फोडणार.

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे आमचा सुपरवायझर, वयानं माझ्याएवढाच, पण कानाला कायम दोन फोन. तो म्हणाला, "सेल संपू दे, मग कर लग्न, कर बारसं, काय करायचं ते कर." मी हात हलवत परत आलो. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला रडू आलं होतं.

आणि मग तो दिवस उजाडला. त्याच आठवड्यात नवा मिळालेला अर्धापूरचा रूट, पहिल्या एकवीस पार्सलांत काही विशेष नाही. बाविसावा थांबा स्क्रीनवर आला आणि मी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला. तेच गाव. केळीच्या वखारीसमोर, लिंबाच्या झाडाचं घर. आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी तिचं नाव. मी तीनदा वाचलं. गाव छोटं, पण एका नावाच्या दोन पोरी असू शकतात की नाही? असू शकतात, असं स्वतःला समजावत मी आरशात बघितलं. केसांत धूळ, दाढी चार दिवसांची, अंगात कंपनीचा टी-शर्ट आणि बगलेत घामाचे दोन जिल्हे. एका शेतातल्या बोअरवर तोंड धुतलं, खिशातल्या कंगव्यानं भांग पाडला आणि निघालो. काळीज तर टेम्पोच्याही पुढं धावत होतं.

वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. नमस्कार, माफ करा, तीनदा येणं झालं नाही, वगैरे. पण दार दिसलं की आमच्या तोंडाला एकच शब्द येतो. मी अंगणात उभा राहून गल्ली दणाणेल असा ओरडलो, "पार्सल!" ती बाहेर आली. फोटोत होती त्याहून सावळी आणि त्याहून कितीतरी छान. मी खोकं पुढं केलं आणि होणाऱ्या बायकोशी समोरासमोर पहिलं वाक्य बोललो.

"मॅडम, ओटीपी सांगा."

"आधी बसा," ती म्हणाली. "ओटीपी नंतर सांगते."

आमच्या धंद्यात ओटीपी म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आलेले चार आकडे. ते आकडे टाकल्याशिवाय पार्सल पोचलं असं मोबाईल मानत नाही. नुसतं देऊन निघून जावं तर माल आपल्या डोक्यावर. म्हणजे मी जागीच अडकलो होतो आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

"हे तुम्ही मागवलं?" मी विचारलं.

"हाव. ड्युटीचे बूट हायेत, लागतच होते. अर्धापूरचा रूट आता तुमचा, हे मामांनी सांगितलं. आज पार्सल येणार असा मेसेज आला, म्हणून सुट्टी घेऊन घरी आले. पाहुणे म्हणून तीनदा बोलावलं, आला न्हाईत. म्हणलं आता गिऱ्हाईक होऊन बघावं. गिऱ्हाइकाकडं तर तुम्ही जाताच की."

मला हसावं की जमिनीत जावं कळेना, म्हणून मी बसलो. तेवढ्यात तिचे वडील बागेतून आले, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. हे कोण, म्हणाले. पाहुणे, ती म्हणाली. कुठले पाहुणे? "तीनदा न आलेले," ती म्हणाली. वडिलांनी मला टाचेपासून भांगापर्यंत न्याहाळलं आणि आत बायकोला आवाज दिला, "अगं, पोरगा हाय बरं का खरंच! पोहे टाक!"

आणि अशा रीतीनं माझा कार्यक्रम सुरू झाला. ना मामा, ना टोपी, बाहेर टेम्पोत एक्केचाळीस पार्सलं. मी पोह्यांचा घास घ्यायचो आणि खिशातला फोन थरथरायचा. वडिलांनी शेती विचारली, भाऊ किती विचारलं. ती मात्र दरवाज्याला टेकून भलतंच विचारत होती.

"दुपारी कुठं जेवता?"

"टेम्पोत."

"शेवटची सुट्टी कधी घेतली?"

मी आठवू लागलो. आठवता आठवता पोहे गार झाले. "मावसभावाच्या लग्नात," मी म्हणालो, "त्याचा पोरगा आता चालतो." वडील खो खो हसले. ती हसली नाही.

"माझी नाईट असली की मी सकाळी मोकळी. तुम्ही रात्री मोकळे. मग आपण भेटायचं कधी?"

"वेळ काढता येतो," मी आपलं ठोकून दिलं.

"मग काढा. फोन बंद ठेवून अर्धा तास बसा."

फोन बंद करणं म्हणजे काय, ते ड्रायव्हरलाच विचारा. पण मी बटनाकडे बोट नेलं आणि नेमका त्याच क्षणी साहेबांचा फोन आला. कट करायला गेलो आणि गडबडीत उचलला गेला. माझ्या फोनचा कानाचा स्पीकर कधीच गेलेला, सगळं बोलणं मोठ्यानं ऐकू येतं.

"अरे, बाविसाव्या स्टॉपवर पंचवीस मिनिटं काय करून राहिलास?"

"साहेब, मुलगी पाहायला बसलोय."

मग साहेब म्हणाले, "असं का? मग पसंत असंल तर डिलिव्हर्ड मार, नसंल तर रिटर्न मार, अन निघ!"

हे अख्ख्या घरानं ऐकलं. आतल्या खोलीतली तिची आई झारा घेऊन बाहेर आली. वडिलांचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, संपलं, आता हाच माणूस मला टेम्पोसकट कॅनॉलमध्ये घालणार. पण ती पुढं आली आणि माझ्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाली, "साहेब, माल मी तपासायलेय. ठेवायचा का रिटर्न, ते मी ठरवणार. तुम्ही जरा कळ काढा."

साहेबांनी फोन ठेवला. आधी वडील हसले, मग आई, मग झाऱ्यातले उरलेले पोहे खाली सांडेपर्यंत सगळेच हसले. मी फोन बंद केला आणि अर्धा तास बसलो. अर्ध्या तासात काय बोललो ते विचाराल तर सांगता यायचं नाही, पण मी आयुष्यात इतका हलका कधीच झालो नव्हतो.

निघताना तिनं चार आकडे सांगितले. मग म्हणाली, "आज पार्सल होतं म्हणून आलात. पुढच्या मंगळवारी माझी सुट्टी हाय. सकाळी नाईट सुटली की लातूरहून निघते. त्या दिवशी पार्सल न घेता या. मग काय ते सांगते."

एक्केचाळीस पार्सलं मी कशी पोचवली, देव जाणे. एका म्हातारीला तिच्या खोक्यासोबत निघताना मला मिळालेली अर्धा डझन केळी दिली, एका कुत्र्याला नमस्कार घातला. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे मंगळवार मागितला आणि साहेबांनी सरळ सांगितलं, जा, पण रूट दुसऱ्याला देतो. आता इकडे आड अन तिकडे विहीर. रूट गेला तर बायको पोसायची कशानं, आणि मंगळवार गेला तर बायको आणायची कुठून?

वाट काढली माझ्या कामावरच्या जोडीदारानं. तो नांदेडचाच, शेजारचा रूट चालवायचा. दर शुक्रवारी दुपारी तो नमाजाला जायचा तेव्हा त्याची पंधरा-वीस पार्सलं मी उचलायचो. साहेबांना ठाऊक नव्हतं, ठाऊक असायची गरजही नव्हती. सगळं ऐकून तो म्हणाला, "जा रे तू, मैं देखतूं." आणि स्वतःच साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, मंगळवारी याचा रूट मी मारतो, पण रूट याच्याच नावावर राहील, नाहीतर आम्ही दोघंही उद्यापासून येत नाही. सेलच्या दिवसांत दोन ड्रायव्हर गमवायची साहेबांची छाती नव्हती.

मंगळवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून अकरा वाजताच तिच्या घरी पोचलो. रिकाम्या हातांचं करायचं काय तेच समजेना, सारखे खिशात घालत होतो. वडिलांनी बाग दाखवली, घड कसा राखायचा ते सांगितलं. एक वाजता ती एसटीनं आली. रात्रभर जागलेली, डोळे तांबारलेले, पण मला ओसरीत बघून अशी हसली की माझा सगळा शीण गेला. म्हणजे मला तसं वाटलं. जेवणं झाली. ती भिंतीला टेकून बसली, मी समोरच्या बाजेवर. आई भांडी घेऊन मागं गेली, वडील अंगणात. आता सांगेल, आता सांगेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हे बघा," ती म्हणाली, "माझं असं हाय की..." आणि तिची मान हळूच एका बाजूला कलली. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबावं, उठेल. थांबलो. बाज गार होती, लिंबाची सावली होती, कुठलाच फोन वाजत नव्हता.

मला जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. अंगावर कुणीतरी चादर टाकली होती, तिच्याही. ती तशीच झोपलेली, तोंड किंचित उघडं. बाहेर तिचे वडील फोनवर माझ्या मामांशी दबक्या आवाजात बोलत होते, म्हणजे त्यांच्या मानानं दबक्या.

"हाव मामा, जमलं म्हणा... बोलणं काय झालं? काहीच न्हाई झालं. दोघं बी झोपलेत... न्हाई न्हाई, उठवायचं कशाला? झोपू द्या. लई दिवसाचे जागे हायेत."