ठसे खिशात ठेवणारे काका

जगात काहीही आपोआप बदलत नाही, कुणीतरी बदलतं, यावर आमच्या कॉम्प्युटरवाल्या काकांइतका गाढ विश्वास असलेला माणूस अख्ख्या दिल्लीत नसेल. मी परभणीकडची, स्पर्धा परीक्षेसाठी ज्या क्लासला होते, तिथले कॉम्प्युटर ते सांभाळत. गाझियाबादहून मेट्रोने यायचे आणि चहाच्याही आधी एकेका फाइलचा ठसा तपासायचे. ठसा म्हणजे फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेली आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. आतला एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. आदल्या संध्याकाळचे ठसे छापून काका शर्टाच्या खिशात ठेवत, वर सेफ्टी पिन. कॉम्प्युटरवरच ठेवले तर फाइल बदलणारा ठसेही बदलेल, हे त्यांचं म्हणणं. फाइल मात्र ते कधी उघडत नसत. "आत काय आहे ते आपलं काम नाही. बदललंय का, बस, एवढंच बघायचं."

खोड घरापर्यंत पोचलेली. एकदा डब्यातल्या वरणाचा पहिला घास घेऊन त्यांनी काकूंना फोन लावला, फोडणीत बदल झालाय म्हणून. फोन स्पीकरवर होता. "तेल बदललंय, बायको तीच आहे. जेवा," काकू म्हणाल्या. आम्ही हसून लोळलो. काका शांतपणे जेवले. माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. वर्षभर मी त्यांच्यासाठी 'तिसऱ्या रांगेतली' होते.

त्या वर्षी क्लासच्या मोफत वसतिगृहात मुलींसाठी दहा जागा होत्या. मला मिळाली नसती तर बाबा गावी परत नेणार होते, मग कसली परीक्षा न् काय. यादी संध्याकाळी तयार झाली. सकाळी तिचा ठसा जुळेना. संचालक म्हणाले, अक्षराचा आकार बदलला असेल, लावून टाका. काकांनी काल जपून ठेवलेली प्रत काढली, तिचा ठसा खिशातल्या कागदाशी जुळवला, दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी टाचल्या आणि वर लिहिलं, 'या दोन फाइली सारख्या नाहीत.' सातव्या जागी काल मी होते, आज संचालकांची पुतणी. सगळा क्लास फळ्यापुढे उभा. शेवटी संचालकांनीच आजची यादी काढून घेतली. कालची यादी कायम झाली.

मी पेढे घेऊन गेले. रडू आवरत नव्हतं. तुमच्यामुळे मी दिल्लीत राहिले, असं म्हटलं तर काका गोंधळले. त्यांनी यादी वाचलीच नव्हती.

"अच्छा, त्यात तू होतीस? नाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. त्यांनी ते खिशातल्या कागदावर, ठशांच्या खाली लिहून घेतलं आणि पिन लावली. दुसऱ्या दिवशी हाक मात्र 'तिसऱ्या रांगेतली' हीच.

आता ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात. काका निवृत्त होऊन गाझियाबादलाच असतात. एकदा जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचंय. मी तीच आहे की बदलले, ते मला दुसरं कुणी सांगणार नाही.