अंथुर्ण्याच्या अलीकडचा चढ

भुताखेतांवर माझा विश्वास असण्याचं काही कारणच नव्हतं... कारण आमच्या पंचक्रोशीतली निम्मी भुतं मीच जन्माला घातलेली. कॅनॉलच्या मोरीखालची बाई माझी, गुऱ्हाळामागचा बिनमुंडक्याचा मुकादमही माझाच. त्यामुळे पुढचं वाचून 'सोडली यानं आणखी एक' असं तुम्ही म्हणणार, हे मला माहीत आहे. म्हणा. फक्त शेवटपर्यंत वाचून मग म्हणा.

नव्वदच्या दशकातली, अगदी मधली गोष्ट. मी बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला, घर काटेवाडीत. पुण्याहून आलेल्या एका क्रीडाशिक्षकांनी त्या हिवाळ्यात 'ट्रायथलॉन' नावाचं खूळ काढलं. काटेवाडीच्या कॅनॉलला एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत पोहायचं, मग सायकलवर अंथुर्ण्याला जाऊन परत यायचं, आणि तिथून बारामतीपर्यंत पळायचं. पहिल्याला गिअरची सायकल. आमच्याकडे तोवर गिअर फक्त ट्रॅक्टरला असतात असा समज. मी गावभर सांगून टाकलं — सायकल माझीच, तेवढी घंटी बसवायची राहिलीय.

आता आबा, म्हणजे माझे आजोबा. उभा जन्म मेंढरांमागं चाललेला माणूस. पुढं कळप गेला, जमिनीला पाणी आलं, घरात ऊस आला, तरी खांद्यावरचं घोंगडं काही सुटलं नाही. माझ्या सायकलच्या कॅरिअरवर ते एका बाजूला पाय सोडून बसायचे. बसले की सीटला खालून बोटांनी दोनदा टकटक — म्हणजे चल. आणि चढ आला की उतरायचे. केवढासाही असो.

"थांब लेका. चढाला जित्राबाच्या पाठीव बसू न्हाय."

"आबा, मी काय तट्टू हाय का?"

"तट्टू बरं. त्ये उलटं बोलत न्हाय. वर जाऊन थांब, येतो मी."

मी वर जाऊन थांबायचो. ते काठी टेकत टेकत यायचे, बसायचे. टकटक.

अंथुर्ण्याला त्यांची धाकटी बहीण, आमची अंथुर्ण्याची आजी. खुबा मोडून वर्षभर खाटेवर पडलेली. शर्यतीच्या महिनाभर आधी आबा म्हणाले, "सोनीला बघून यावं वाटतंय. नेतो का?"

मी म्हणालो, "शर्यत होऊ द्या आबा. आत्ता डबलसीट मारली तर पाय भरत्याल माझं."

"बरं. शर्यत झाल्याव."

त्या दिवसापासून रोज सकाळी धुतलेला पटका बांधून ओट्यावर बसायचे. मी प्रॅक्टिस करून घामाघूम होऊन आलो की विचारायचे, "झाली का रं शर्यत?" घरातले हसायचे. मीही हसायचो. शर्यतीला अठरा दिवस उरले असताना, एका सकाळी ओट्यावर बसल्या जागीच गेले. पटका बांधलेला होता.

तेरावा झाला. मी नाव मागं घेणार होतो. आई म्हणाली, "जा. रोज इचारायचे त्ये, झाली का म्हणून. करून ये एकदाची."

भादरलेलं डोकं घेऊन कॅनॉलमध्ये उडी मारली. पाणी इतकं गार, की आत मासे एकमेकांना बिलगून बसले असतील. धुकं असं, की काठ दिसेना. पोहतोय, तरंगतोय की अजून अंथरुणातच आहे... कळेना. बाहेर आलो तर पहिला. यात थाप नाही. दुसरा आलेला कऱ्हाटीचा बापू पैलवान अजून ठणठणीत आहे. सायकल घेऊन रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना उसाला पांढरे तुरे आलेले. धुक्यात ते हलायचे, तेव्हा वाटायचं की मेंढरांचा एक कळप माझ्याबरोबर चाललाय, घाई न करता... चाकाचाही आवाज येत नव्हता.

आणि सायकल जड झाली.

हवा गेली असेल म्हणून खाली पाहिलं. चाक टंच. मग ओल्या घोंगड्याचा वास आला. मग सीटखाली — टकटक.

मी मागं वळलो नाही. भीती होती, पण निराळी. वळलो आणि कॅरिअर रिकामं दिसलं तर?

तसाच मारत राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. अंथुर्ण्याच्या अलीकडे एक ओढा आणि त्याच्यापुढे चढ. चढाला लागलो तशी सायकल कापसासारखी हलकी झाली. भर चढाला. माथ्यावर पोचलो तेव्हा बापू बराच मागं होता आणि पुढं नुसता उतार. गिअरची सायकल मला समोर दिसत होती, लाल रंगासकट.

मी ब्रेक दाबला. पाय टेकला. थांबलो.

बापू आला. "काय रं, पंक्चर?"

"चेन पडली."

"तेल घालत जा की," म्हणत निघून गेला. त्याच्यामागून आणखी सात-आठ जण गेले. प्रत्येकाला तेच सांगितलं. मग रस्ता रिकामा झाला. आबांना चढ चढायला नेहमी जेवढा वेळ लागायचा, तेवढाच गेला. कॅरिअर करकरलं. टकटक.

अंथुर्ण्यात, आजीच्या बोळाच्या तोंडाशी, साध्या सपाट रस्त्यावर सायकल हलकी झाली. ती पुन्हा जड झाली नाही.

काटेवाडीपासून बारामतीपर्यंत रडत पळालो. लोकांना वाटलं, पोटऱ्यांत गोळे आलेत. शेवटून दुसरा आलो, तेही शेवटच्याच्या चपला तुटल्या म्हणून. शिंकलो तरी गावाला सांगणारा मी, पण हे कुणाला सांगितलं नाही. आईलाही चेनच सांगितली.

दुसऱ्या दिवशी आजीची माफी मागायला अंथुर्ण्याला गेलो. खाटेच्या कडेला बसलो, खाली मान घालून.

"आजी, आबांना तुज्याकडं आणायचं होतं. पर मी त्यांना..."

तिनं माझ्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"चढाला थांबलास म्हणं," ती म्हणाली. "नंबर गेला न्हवं तुजा."

कोण म्हणालं, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली. भावाची सवय तिला ठाऊक होती, अंदाजानं बोलली असेल, असं मी स्वतःला पटवून पाहिलं. पण मी चेनसाठी नाही, मुद्दाम थांबलो होतो हे तिला कसं कळलं? ज्यांनी मला थांबलेलं पाहिलं, त्यांना तर मी चेन सांगितली होती. इतक्या वर्षांत उलगडा झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलेलाही नाही.

आता तिथला रस्ता रुंद झालाय, चढ कापून पार सपाट केलाय. तरी मोटरसायकलवरून जाताना मी त्या जागी पाय टेकतो. बायको मागून विचारते, "काय झालं?"

मी सांगतो, चेन.