रोखलेली विक्री

एका सोमवारी सकाळी, नऊच्या लिलावात ऑर्डरी घेणं बंद होण्याआधी, मी एका बाईच्या खात्यातली विक्रीची ऑर्डर पुढे जाऊ दिली नाही. शेअर तिच्या नावाचे होते. विकायला तिच्या मुलाने सांगितलं होतं. फोनवर होकार देणारा आवाज तिचा नव्हता.

तेव्हा मी भिलाईत, सेक्टर ६ च्या बाजारातल्या एका शेअर ब्रोकरच्या शाखेत पडताळणीचं काम करत होते. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, पण त्याआधी नऊला एक छोटा लिलाव होतो. घेणारे आणि विकणारे आपापल्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर टाकतात, सगळ्यांचा मिळून एकच भाव निघतो आणि त्या भावाला सौदे लागतात. सातव्या मिनिटानंतर ऑर्डरी घेणं कधीही बंद होतं. नेमकं कधी, ते कुणालाच आधी कळू देत नाहीत. तोवर ऑर्डर मागे घेता येते. सौदा लागला की येत नाही.

ऑर्डर खातेदाराऐवजी दुसऱ्या कुणी सांगितली असेल तर मी खातेदाराच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन लावायचा, ऑर्डर वाचून दाखवायची आणि ओळख पटवणारा एक प्रश्न विचारायचा. उत्तर जुळलं की पडद्यावर खूण करायची. माझी खूण झाल्याशिवाय डीलरला, म्हणजे समोरच्या टेबलावरून ऑर्डरी टाकणाऱ्याला, ती ऑर्डर सोडता येत नसे. त्याचं कमिशन सौद्यांवर होतं, माझा पगार ठरलेला होता. तो मला थानेदारीण म्हणायचा, ग्राहकांसमोरसुद्धा.

आमच्याकडची बरीच खाती बायकांच्या नावाची होती. नवीन कंपनीचे शेअर निघाले की स्टील प्लँटमधली माणसं बायकोच्या, आईच्या, सुनेच्या नावाने अर्ज भरत. जितकी नावं जास्त, तितकी शेअर मिळण्याची शक्यता जास्त. बाईने एकदा सही करायची, पुढचं सगळं पुरुषाने बघायचं. त्यामुळे माझे फोन कुणालाच आवडत नसत. "यायनं सांगतलं ना, मंग मले काऊन विचारून राहिली?" हे मी रोज ऐकायचे. एका रिटायर्ड फोरमनने मला विचारलं होतं, "बायको माही, पैसा माहा, तू कोन मंधात?"

जिची विक्री मी रोखली ती बाई आमच्याच रांगेतल्या क्वार्टरमध्ये राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिचा नवरा प्लँटमधून रिटायर झाला होता आणि क्वार्टर सोडायची वेळ जवळ आली होती. शहराच्या कडेला कुरुदला मुलाचं घर बांधून होत आलं होतं. हे शेअर मात्र तिने ब्लाऊज शिवून जमवलेल्या पैशांतून, स्वतः सांगून घेतले होते. एकदा भाजी घेताना ती म्हणाली होती, "कुरुदचं घर पोराचं. गावचं वावर दिराचं. माह्या नावाचं हे एवढंच हाये. मी मरेपर्यंत हात नाई लावू देत कोनाले."

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मावशीचे शेअर होते त्या कंपनीचा तिमाही निकाल चांगला आला. सोमवारी लिलावातच भाव वर निघणार, असं सगळे धरून होते. मुलाने डीलरला रविवारी निरोप दिला: आईचे सगळे शेअर लिलावात विकायचे. मुलाला ऑप्शनच्या, म्हणजे भावावर पैज लावल्यासारख्या सौद्यांत मोठी खोट आली होती, हे डीलरला माहीत होतं. मला ते नंतर कळलं.

सकाळी मी फोन लावला. बाईचा आवाज आला. ऑर्डर वाचली, हो म्हणाली. शेअरची संख्या विचारली, बरोबर सांगितली. नॉमिनी कोण, असं विचारलं. आवाजाने मावशींच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, आडनावासकट, एका दमात.

उत्तर जुळत होतं. मी खूण केली नाही.

मावशी नवऱ्याचं नाव घेत नसे. खरेदीचा तिचा निरोप नवरा शाखेत आणायचा, म्हणून पूर्वी तिला तीनदा फोन झाले होते आणि तिन्ही वेळा या प्रश्नावर ती चिडली होती. "तुह्यासमोर लिवलं हाये ना, वाच की." मग मी प्रश्न बदलून जन्मसाल विचारायचे. भंडाऱ्याकडून आलेल्या तिच्या वयाच्या बऱ्याच बायका नाव घेत नसत. त्यात नवल नव्हतं.

मी फोनवर म्हटलं, "वहिनी, मावशींना द्या."

पलीकडे कुणी तरी काही तरी बोललं. फोन कटला. पुन्हा लावला, उचलला नाही.

नऊ वाजून गेले होते. डीलर ओरडला, "टिक मार ना! टाइम जा रहा है."

"ती बोलली नाही. सून बोलली."

"नाव बरोबर सांगतलं का नाई?"

"सांगितलं."

"मंग? आता काय आरती ओवाळू?"

"मावशी नवऱ्याचं नाव घेत नाही."

तो हसला. मग खुर्ची मागे ढकलून माझ्या टेबलाशी आला आणि माउसला हात घालू लागला. मी माउस उचलून मांडीवर ठेवला. तो तसाच उभा राहून मला, माझ्या घरच्यांना आणि मला नोकरी देणाऱ्याला नावं ठेवत राहिला. पडद्यावर ऑर्डरी घेणं बंद झाल्याचं दिसलं तेव्हा तो आपल्या टेबलाकडे परतला.

लिलावात त्या शेअरचा भाव आदल्या बंद भावापेक्षा बराच वर निघाला. दुपारपर्यंत तो घसरला आणि शुक्रवारच्याही खाली बंद झाला. मुलाने ऑर्डर पुन्हा दिली नाही; दिली असती तर मी पुन्हा मावशींनाच फोन लावला असता.

संध्याकाळी तो आमच्या क्वार्टरच्या जिन्यात आला. आवाज तिन्ही मजल्यांवर जात होता. "माह्या बायकोनं नाव बरोबर सांगतलं ना? माह्या घरात भाव तू ठरवशील का? भरून दे आता फरक!" दारं उघडली. मी म्हटलं, मावशींनी स्वतः सांगितलं असतं तर ऑर्डर गेली असती. तो म्हणाला, "माय माही हाये, तुही नोय."

तेवढ्यात मावशी खाली अंगणात आली. मुलाला घरी जा म्हणाली. तो गेला नाही. मग ती सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळली. "आनि तू वो? माही सून काय बोल्ली, हे गावभर कराले तुले कोनं सांगतलं?"

शाखेबाहेर मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. जिन्यात तिच्या मुलानेच सांगितलं होतं. तिथे मी तसं म्हटलं नाही.

मुख्य ऑफिसने कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. तिथल्या साहेबांनी मला फोनवर सांगितलं की उत्तर जुळलेलं असताना खूण रोखणं नियमात बसत नाही, पुन्हा असं झालं तर बघावं लागेल. आवाज कुणाचा होता, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "ते सिद्ध कसं करणार?"

पुढच्या आठवड्यात मावशी एकटी शाखेत आली. पिशवीतून तिने शेअर दुसरीकडे पाठवायची स्लिप काढली, भरलेली. डीलरने ती माझ्या टेबलावर सरकवली. "ले, तेरी क्लाइंट. तुझीच कमाई."

नियमाप्रमाणे मला विचारावं लागलं. "मावशी, हे तुम्ही स्वतःच्या मर्जीने करताय ना?"

"मंग काय तुह्या बापानं सांगतलं?"

"शेअर कुणाच्या खात्यात जाणार?"

"माह्याच. दुर्गले उघडलं नवीन. वाच ना, नाव माहंच हाये."

मी वाचलं. शेजारच्या दुर्ग शहरातल्या दुसऱ्या ब्रोकरकडचं खातं होतं, नाव तिचंच. सही जुळली. तिथे का, असं मी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "तिथं कोनी मले मावशी म्हनत नाई. फोन आला तं परका मानूस बोलते, परका राह्यते. जिन्यात नाई येत कोनी." मग थांबून, खालच्या आवाजात, "पोराले सांगशीन तं पाय."

"नाही सांगणार."

"त्या दिवशीबी नव्हतं सांगतलं म्हने तू." ती उठली. दाराशी डीलर चहाचं विचारत होता. त्याच्याकडे न बघता ती गेली.

मी स्लिपवर खूण केली. दुसऱ्या दिवशी शेअर तिच्या नावाच्या नव्या खात्यात जमा झाल्याची नोंद आली. आमच्याकडच्या खात्यात शिल्लक शून्य होती.