काकांना मिळालेली दोन प्रश्नचिन्हं

"आज मी कोण?"

समोरच्याने बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडायच्या आत काका हा प्रश्न टाकायचे. तोही ओरडून, कारण ऐकू कमी यायचं आणि रुबाब जास्त होता. तुम्ही भोळेपणाने "काका" असं उत्तर दिलंत की मेलात. "मेल्या, काका घरी! इथे रशियन बसलाय!"

आणि खरंच बसलेला असायचा हो! रशियन असले की भुवया खाली, नजर समोरच्याच्या नाकावर, आणि उंट, हत्ती, जे हाताला लागेल ते उधळून द्यायची तयारी. अमेरिकन असले की खुर्ची करकरते, चहा गार आहे, पंख्याचा आवाज होतो. तो आवाज त्यांना ऐकू यायचा नाही ही गोष्ट वेगळी. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा मालवणी माणूस मालाडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जगज्जेत्यांची वरात काढायचा.

मीच एकदा त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो. त्यातलं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर मोठ्या खेळाडूंच्या शैलीत खेळायचं. खेळाडू निवडा आणि भिडा. काका रशियनाशी भिडले आणि पंधराव्या चालीलाच भडकले.

"हा रशियन? हा रशियनाचा भाडेकरू! बळी देतो, पण पावती मागून देतो!"

डाव संपल्यावर सॉफ्टवेअर चालींना शेरे द्यायचं. वाईट चालीला एक प्रश्नचिन्ह, घोडचुकीला दोन. काकांच्या लाडक्या चालीला दोन मिळाली. "दोन? मला? परत चालू कर, त्याला नीट बघू दे!" त्याने नीट बघितलं. परत दोनच दिली. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून फिरतं ती सांगतो. सोसायटीच्या स्पर्धेचा अंतिम सामना. काकांसमोर सेक्रेटरींचा जावई, आयटीतला, हुशार, बायकोसह सासऱ्यांकडेच राहणारा. काका त्या दिवशी अर्थातच रशियन. डाव मध्यावर आला आणि काकांनी वझीर दिला. फुकट. खाडकन. जावयाच्या कपाळावर घाम, हात पटावर जाऊन परत येतोय. वझीर घेतला खरा, पण पुढे असा काही गडबडला की थोड्याच वेळात त्याने राजा आडवा करून हार मानली. हॉल टाळ्यांनी दणाणला.

फक्त सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "काका, ते कानातलं यंत्र जरा काढता का?"

"का?"

"नाही, म्हणजे... असली चाल माणसाला सुचत नाही. कानातून कोणी सांगत असेल, असं लोक म्हणतात."

"कुठले लोक?"

आत्ता टाळ्या पिटणारे सगळे चपला शोधायला लागले. सत्तरी उलटलेल्या माणसाने सर्वांदेखत श्रवणयंत्र काढलं आणि सेक्रेटरींच्या तळहातावर ठेवलं. "घे. लाव तुझ्या कानात. बघ कोण बोलतं." आणि त्या गृहस्थाने लावलं हो! यंत्राने अशी शिट्टी मारली की साहेब खुर्चीला अडखळले. मी हसलो. पण आतून इतका पेटलो होतो की त्यांच्या हातातून यंत्र हिसकावूनच घेतलं.

"थांबा," मी म्हणालो. "आत्ता निकाल लावतो." लॅपटॉप आणला, सगळा डाव त्यात भरला. सॉफ्टवेअरमध्ये पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. ज्याचं पारडं जड, त्याचा रंग तिच्यात वाढत जातो. काका पांढरे होते. वझीर दिला त्या चालीवर पट्टी जवळजवळ पूर्ण काळी झाली आणि शेजारी उमटली दोन प्रश्नचिन्हं.

मी अक्षरशः उडी मारली. "बघा! मशीनच्या मते ही घोडचूक आहे! मशीन कशाला सांगेल ही चाल? काका सुटले!"

सेक्रेटरींचं तोंड पडलं. "ठीक आहे. ग्रुपवर टाकतो. चाल चुकीची होती, सबब तक्रार मागे."

काका कानात यंत्र बसवत होते. "काय टाकतोस?"

"तुमची चाल चुकली, काका. म्हणून तुम्ही सुटलात."

"चाल चुकली नाही."

"अहो, मशीनच म्हणतंय..."

"मशीन गेलं खड्ड्यात! चोर टाक. चुकलो टाकू नको."

"चोर टाकलं तर बक्षीस जाईल. पुढे खेळताही येणार नाही."

"टाक म्हणतो ना!"

आणि त्या माणसाने टाकलं! "गैरप्रकार आढळल्याने" वगैरे. खाली चौदा जणांचे अंगठे.

मी वर त्यांच्या घरी जाऊन भांडलो. "काका, हा कसला हट्ट? अख्खी सोसायटी तुम्हाला चोर म्हणतेय!"

"मी चोरी केली नाय, ता माका ठाऊक आसा. पुरे," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "त्या पोराचा हात पटावर जाऊन कसा परत येत होता, बघितलंस ना तू? मी त्याच्याशी खेळत होतो रे. मशीनशी नाही. आयुष्यात एकदा जमला मला रशियन. एकदाच. तो चूक होता म्हणून मी सही करू?"

त्यानंतर ते हॉलमध्ये आले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

शोकसभा कोणी ठेवावी? सेक्रेटरींनीच! हार घातलेला फोटो, आणि हॉलच्या मोठ्या टीव्हीवर "आमच्या लाडक्या काकांचा अविस्मरणीय डाव". लाडक्या! माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. जावई खाली मान घालून लॅपटॉपवर एकेक चाल पुढे नेत होता. पटाशेजारी ती पट्टी होतीच. वझिराची चाल जवळ आली तसा मी उठलो आणि टीव्हीच्या कडेला, पट्टीला पाठ लावून उभा राहिलो.

"अहो, बाजूला व्हा, दिसत नाही," सेक्रेटरी कुजबुजले.

"पट दिसतोय ना? मग गप्प बसा."

जावयाने वर माझ्याकडे पाहिलं. बटण दाबलं.

माझ्या पाठीमागे काय झालं ते मी पाहिलं नाही. मी समोरच्या खुर्च्या पाहत होतो. वझीर गेला, आणि तिसऱ्या रांगेतल्या एक आजी, ज्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय!"