कोरियन दाखल्यावरची सही

माझे सासरे दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. आयुष्यभर लोकांची खरेदीखतं हाताळून माणसाला कागदांचा वीट यावा, तर अण्णांचं उलटंच. निवृत्त झाल्यावर ते जुने सरकारी कागद आणि त्यांवरची महसुली तिकिटं जमवायला लागले. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत एक अख्खं कपाट त्या फायलींचं होतं. सासूबाई त्या कपाटाला सवत म्हणायच्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे धाकटे दीर बोटीवर होते. त्यांनी कोरियातल्या बुसान बंदरातल्या रद्दीवाल्याकडून जुन्या दाखल्यांचं एक पुडकं आणलं.

"तिथं प्रत्येक शहराची आपापली तिकिटं असतात, अण्णा. दाखला काढायचा तर तिथलंच चिकटवायचं."

"म्हणजे आपल्या संस्थानांसारखंच रे. सावंतवाडीचं वेगळं, कोल्हापूरचं वेगळं." अण्णा हरखून गेले. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण रोज संध्याकाळी मला शेजारी बसवून ते एकेक दाखला दाखवायचे.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. रीतीप्रमाणे माझं नावही बदललं होतं, आणि नव्या नावाने हाक आली की ती मलाच आहे हे कळायला क्षणभर लागायचं. त्या घरात माझ्याशी निवांत बोलणारे एकटे अण्णाच. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटायचं, आणि तिथंच मी माती खाल्ली.

माझे वडील पोस्टाची तिकिटं जमवत. कोमट पाण्यात पाकिटाचा तुकडा भिजवायचा, तिकीट अलगद सोडवायचं, टिपकागदावर वाळवायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले होते. एका दुपारी अण्णा डोळे तपासायला घाटकोपरला गेले, तेव्हा त्यांचा सगळ्यात लाडका दाखला मी परातीत सोडला. तीनही तिकिटं सुरेख सुटली. मी खूश. मग पाणी जांभळं दिसायला लागलं. कचेरीचा शिक्का विरघळला होता.

अण्णा चपला काढत होते तेवढ्यात मी सांगून टाकलं आणि रडायला लागले.

"पोस्टाचं तिकीट सोडवतात गं," ते हळू म्हणाले. "महसुलाचं नाही. अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा कागदावर, तरच ते खरं. सुटलं की संपलं." रागावले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आपलं या घरातलं एकुलतं माणूस आपण घालवलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी हाक आली. पोळपाटाखाली दाबून वाळवलेला दाखला समोर होता. तिकिटं खळीने पुन्हा जागच्या जागी बसवलेली. अण्णांनी पेन पुढे केलं.

"आमच्या कचेरीत खाडाखोड झाली की ज्याच्या हातून झाली त्याने शेजारी सही करायची. मग कागद बाद होत नाही. कर सही."

नव्या नावाने मी तोवर कधी सही केलीच नव्हती. हात सवयीने चालला आणि माहेरचं नाव उमटलं, वडिलांच्या नावासकट. मी घाबरले. आता या चुकीवर आणखी एक चूक.

अण्णांनी कागद स्वतःकडे वळवला. चष्मा वर करून माझं जुनं नाव त्यांनी सावकाश वाचलं. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून ऐकत होते.

"चुकलं कुठे? हात तुझाच ना?" म्हणत त्यांनी खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही ठोकली. तेव्हापासून ते मला त्याच नावाने हाक मारत. सासूबाई चार दिवस फुगून बसल्या, मग त्यांनीही सोडून दिलं.

अण्णा गेल्यावर फायली एका संग्राहकाला दिल्या. तो दाखला त्याने बाजूला ठेवला. याला काही किंमत नाही म्हणाला. मग राहू दे माझ्याकडे, मी म्हटलं. आता मला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. कधीतरी घरात कुणी नसताना मी तो कागद काढते आणि माझी सही मोठ्याने वाचते, अण्णांनी वाचली होती तशी, सावकाश.