तुळशीरामजींचा जाड ठसा

तुळशीरामजी वानखडे यांची आणि माझी पहिली भेट नांदुऱ्यात, त्यांच्या छापखान्यात, भांडणानेच झाली. सभेच्या पत्रकाचा सगळा मजकूर जाड ठशात हवा, असा माझा हट्ट होता. ते हसून म्हणाले, "साहेब, सगळेच वरडून राह्यले तं आयकन कोन? एक ओळ जाड घ्या." घेतली. सभा भरली.

तो ठसा लाकडी होता. इंग्रजी जाहिरातींतली ठसठशीत अक्षरे पाहून कोणा कारागिराने मराठीत कोरलेला. शिरोरेषा तुळईसारखी, जाडी सगळीकडे सारखी, काना खाली निमुळता न होता चौकोनी पायावर उभा. जवळून ओबडधोबड, पण रस्त्यापलीकडून पाहिले तर नजर हलू न देणारा. कुस्त्यांचे फड, तंबूतले सिनेमे, सरकीचे लिलाव, निवडणुकीतले उमेदवार, सगळे त्याच पायांवर उभे राहिले. कोणी त्याला गावंढळ म्हणोत. दूर उभ्या माणसापर्यंत जे पोचत नाही, ते सौंदर्य माझ्या कामाचे नाही.

मग दुष्काळ आला. संग्रामपूरकडे दुष्काळी कामावर मुरूम खणताना दरड कोसळली आणि पारबती, सुभद्रा, कासाबाई या मजूर बाया गाडल्या गेल्या. कंत्राटदार म्हणाला, त्या कामावर नव्हत्याच. दरडीने मारलेल्यांना त्याने पुन्हा मारले! मी तिघींची नावे घेऊन तुळशीरामजींकडे गेलो. एकाच कागदावर, जाड ठशात छापा, म्हणालो.

"ह्या ठशाचे काने पुरत नाही ना, साहेब. एकट्या कासाबाईतच सरतात."

"मग बारीक छापा."

"बारीक? जितेपनी कोनाले दिसल्या नाही त्या. आता तरी दिसू द्या."

त्यांनी प्रत्येकीला स्वतंत्र कागद दिला. पारबती जुळवली, छापली, पुढच्या नावासाठी अक्षरे सोडवून घेतली. मग सुभद्रा. शेवटी कासाबाई. तेवढ्यात कंत्राटदाराचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, काऊन मढे छापून राह्यले? लग्नपत्रिका छापा."

"आन बे तुह्या लग्नाची. तेही छापतो. पहिले ह्या बायायचं होऊ दे."

बसस्थानकाच्या भिंतीवर कागद लागले. कासाबाईंच्या नवऱ्याला वाचता येत नव्हते. "माही कोनती?" त्यांनी विचारले. तुळशीरामजींनी दाखवली. त्यांनी अख्खा तळहात त्या अक्षरांवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मृत्यू कबूल झाले. शिक्षा कोणालाही झाली नाही. कागद लागल्यावर थोड्याच दिवसांत, तुळशीरामजी बाजाराला गेले असताना छापखाना फोडून त्या ठशाची खोकी भर चौकात जाळली गेली. बघणारे पुष्कळ होते, अडवणारा एकही नव्हता. वाचले ते फक्त यंत्रावरच्या चौकटीत आवळलेले शेवटचे नाव, कासाबाईंचे. ती चौकट त्यांनी आजवर सोडलेली नाही.

त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव त्याच ठशात असावे, असे आम्हांला वाटत होते. अक्षरेच उरली नाहीत. निदान त्या चौकटीतले काने तरी घेऊ, असे म्हणताच ते म्हणाले, "ते तिचे आहेत."

म्हणून मुखपृष्ठावर त्यांचे नाव आपल्याला बारीक दिसेल. तुळशीरामजींना उदंड आयुष्य लाभो, हातांत बळ आणि डोळ्यांत नजर शाबूत राहो. आणि त्या दरडीचा जाब ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी ती चौकट सोडायला ते स्वतः यंत्रापाशी उभे असोत.