धोंडबाची वंदना

धोंडबा आणि मी एकाच गिरणीत होतो. तो कताईला, मी गाठी उचलायला. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्या छातीत कापूस होता आणि हाताला काम नव्हतं. मग त्यानं वस्तीतल्या बुद्धविहाराची सकाळ धरली. कुलूप उघडायचं, झाडायचं, मेणबत्ती लावायची आणि उभं राहून वंदना म्हणायची. खोकला आला की थांबायचा. थांबला तिथूनच पुढं म्हणायचा, ओळ गाळायचा नाही. पगार नव्हता. खाडाही नव्हता.

पुढं विहारात मुलांसाठी अभ्यासिका झाली, संगणक आला. समितीचा सचिव अश्विन. बँकेत आहे, आता वस्ती सोडून बेशाला नव्या कॉलनीत राहतो. त्यानं एकदा धोंडबापुढं खुर्ची आणि माईक ठेवला.

"काकाजी, एकदा मस्त म्हणा. तुमचा आवाज जपून ठेवतो."

धोंडबानं खुर्ची सारली. वंदना उभ्यानं म्हटली. घरी आला तेव्हा घसा बसला होता, पण माणूस खूश होता.

वस्तीतल्याच, इंजिनिअरिंगला असलेल्या दीक्षानं त्यातला खोकला कापला. संगणकात स्टार्टअप नावाचं एक फोल्डर असतं. त्यात ठेवलेलं, संगणक सुरू झाला की आपोआप सुरू होतं. धोंडबाचा आवाज तिनं त्यात टाकला. लाइन, म्हणजे वीज, जाऊन आली तरी संगणक स्वतःच सुरू व्हावा, हेही बसवून दिलं. झाडायला बाई ठेवली. किल्ली तिच्याकडे गेली.

"आता आराम करा, काकाजी," अश्विन म्हणाला.

गिरणी बंद करणाऱ्या साहेबानंही हाच शब्द वापरला होता.

मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली. आम्ही दोघं विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. लाइन आली आणि आत धोंडबाचा आवाज सुरू झाला. धोंडबा उठला, हात जोडले. मीही उठलो. खिडकीतून आतली पोरं दिसत होती. एकही उठलं नाही.

"म्हातारा पुन्हा चालू झाला. बंद कर ना बे," एक जण म्हणाला.

आवाज मधेच तुटला. राहिलेली वंदना धोंडबानं ओट्यावर पूर्ण केली. मग खोकला.

रविवारी अश्विन आला.

"माहा आवाज काढ त्याच्यातून," धोंडबा म्हणाला.

"काहून, काकाजी? इतका चांगला बसला."

"आवाज चालू राहते अन् उभं कोणी राहत नाही. काढ. मी येऊन म्हणत जाईन, पहिल्यासारखं."

"तुमची तब्येत पाहून राहिलो ना मी. रोजचा त्रास कशाले?"

"त्रास मले होते. तुले काय होते?"

अश्विन मोबाइल पाहत राहिला. दीक्षा जवळच होती. "काढते, आजोबा," म्हणाली, आणि काढला.

सोमवारी सकाळी धोंडबा धुतलेला पांढरा सदरा घालून निघाला. मी सोबत होतो. बाईनं कुलूप उघडलं, संगणकाचं बटण दाबलं. धोंडबा मूर्तीसमोर उभा राहिला, घसा साफ केला. तेवढ्यात स्पीकरमधून वंदना सुरू झाली. दुसऱ्याच कोणाची. गुळगुळीत, मागं पेटी.

धोंडबा शेवटपर्यंत हात जोडून उभा होता. बाहेर येऊन त्यानं चपला घातल्या.

"छाती चांगली आहे गा त्याची," म्हणाला.